आप्पांच्या गोळीचा पाक

॥ श्री ॥
खेड, १० नोव्हेंबर २०२५

चि. कमळास,
अक्काचे भरभरून आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. कानाला यंत्र लावूनही फोनवरचं बोलणं मला आता नुसतं खरखरत ऐकू येतं, म्हणून पुन्हा पेन हातात घेतलं. तब्येत बरी. गुडघे आहेत तसेच. तुझे भाऊजी गेल्यापासून माझ्याशी घरात मोठ्यानं बोलणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

काल नात सानिका कॉलेजातून आली ती मोबाइल पुढे धरूनच. तुझा व्हिडिओ. आपलं राम आळीजवळचं दुकान, काचेच्या बरण्या, लिमलेटच्या गोळ्या, आलेपाक, आणि मधोमध तू, जांभळ्या साडीत. चार लाख लोकांनी पाहिलाय म्हणे. चांगली दिसतेस. साडी नवी का?

तू काय बोलतेस ते ऐकू येईना, म्हणून सानिकाला कागदावर लिहून द्यायला सांगितलं. आप्पांनी मला लहानपणी मांडीवर बसवून गोळ्या करायला शिकवलं, असं तिनं लिहिलं. तो कागद मी दोनदा वाचला. कमळे, तू आप्पांच्या मांडीवर बसायचीस हे खरं, पण कढईपासून दहा हात लांब. बारा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत आप्पांबरोबर पाक मी ढवळला. कोपरावर डाग आहे अजून. तू शाळेतून यायचीस आणि गार झालेल्या गोळ्या तोंडात टाकून अभ्यासाला बसायचीस.

असो. चेष्टेनं लिहिलं हां, मनावर घेऊ नकोस. गुरुप्रसादला आशीर्वाद सांग.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी,
तुळसाअक्का


॥ श्री ॥
रत्नागिरी, १७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
कमळाचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोस्टमननं दुकानातच आणून दिलं. गिऱ्हाइकं उभी असताना फोडलं आणि वाचता वाचता माझे कान तापले. अक्का, कॅमेरा समोर आला की माणूस काहीतरी बोलून जातो. व्हिडिओ काढणारी मुलगी विचारत होती की हे सगळं तुमच्याकडे कुठून आलं. तेव्हा दुकानातल्या गड्याकडून, धाकूकडून शिकले असं सांगायला जीभ वळली नाही. खरं तर लिमलेट, पेपरमिंट, आलेपाक हे सारं मला आपल्या जुन्या धाकूनं शिकवलं, तेही आप्पा थकल्यावर. साडी नवी नाही, सुनेची आहे.

पण त्या व्हिडिओनं दुकानात माणसं येतात. पुण्याहून, ठाण्याहून येतात, बरण्यांचे फोटो काढतात, आणि निम्मे जण तोंड पाडून विचारतात, ती लाल कोकमाची गोळी नाही का. ती तर आप्पांच्या हातांना कंप सुटल्यापासून बंद आहे. धाकूलाही ती येत नव्हती.

आता खरं कारण लिहिते. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा २७ डिसेंबरला आहे. त्यांना प्रत्येकाच्या हातात कोकमगोळ्यांची पुडी द्यायची आहे, तीस किलो. मी हो म्हणून बसले आहे. गुरुप्रसादला तू ओळखतेसच. मिरजोळ्याच्या कारखान्यातून दमून येतो आणि रोज एकच विषय काढतो, की आई, आता पुरे झालं, फेब्रुवारीपासून गाळा मोबाइलवाल्याला देऊ. ही ऑर्डर नीट गेली तर तो गप्प बसेल. नाही गेली तर मला बोलायला तोंड नाही.

ती गोळी फक्त तुला येते. मला कृती लिहून पाठव. तू खेडला भरल्या घरात गेलीस, माझ्याकडे हे दुकानच राहिलं.

माझ्यावरची सावली काढू नकोस.
तुझी,
कमळा


॥ श्री ॥
खेड, २४ नोव्हेंबर २०२५

चि. कमळास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. भरल्या घरात गेले म्हणतेस ते ठीक आहे. एसटी डेपोच्या मागच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती, म्हणजे भरलेलंच की. माझी पाठवणी झाली त्या दिवशी कढई थंड होती आणि आप्पा दुकानातून बाहेर आले नाहीत, हे तुला आठवत नसेल. तू दहावीचा अभ्यास करत होतीस.

कृती लिहिते. कोकमाची बिनमिठाची सोलं कडकडीत उन्हात वाळवायची, खडीसाखरेबरोबर कुटून वस्त्रगाळ पूड करायची. पितळी कढईत साखर आणि पाणी घालायचं, त्यातच लगेच ती पूड मिसळायची आणि मग जाळावर ठेवायचं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. काचेसारखा कट्कन मोडला की तूप लावलेल्या दगडी पाटावर ओतायचा आणि गरम असतानाच कापायचा. जाळ मोठा नको.

एवढंच आहे. तुला जमेल. चार लाख माणसं तुझ्यामागे आहेत.

आठवण ठेव.
तुळसाअक्का


॥ श्री ॥
रत्नागिरी, १० डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार.

तीन वेळा पाक केला आणि तिन्ही वेळा बिघडला. तू लिहिलंस तस्संच केलं, चमचाभरही इकडेतिकडे नाही. पाक मोडायच्या आधीच तपकिरी होतो. कसाबसा कापला तरी तासाभरात गोळ्यांना पाणी सुटतं, कागद निघत नाही. पहिल्यांदा वाटलं हवा दमट असेल. दुसऱ्यांदा साखर बदलली. तिसऱ्यांदा मनगटावर पाक सांडला. डॉक्टर म्हणाले थोडक्यात निभावलं. पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

आता तुला एक सांगते, आजवर सांगितलं नव्हतं. आप्पांकडे मी ही गोळी किती वेळा मागितली. नवरा बोटीवर, मी माहेरी, दिवसभर त्यांच्याबरोबर दुकानात. तरी कोकमाचा पाक करायचा झाला की मला बाहेर पाठवायचे. म्हणायचे, तू पुड्या बांध, हे काम हाताचं आहे, तो हात खेडला गेला. शेवटच्या आजारात तर मला तुळसा म्हणूनच हाक मारत. मी ओ देत होते. त्यांना पेज भरवताना, अंग पुसताना मी तुळसा होते. तुझा किती राग यायचा तेव्हा, तुला काय सांगू. तू दोन दिवस आलीस की ते उठून बसायचे.

व्हिडिओत मी खोटं बोलले ते म्हणूनच असेल. एकदा तरी मलाही शिकवलंय असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

आप्पांचंच खरं होतं. माझ्या हातात ते नाही. आणखी एकदा करून बघते, नाहीतर शाळेला नकार कळवते. तुझी कृती वाया घालवली, रागावू नकोस.

तुझी,
कमळा


॥ श्री ॥
खेड, १३ डिसेंबर २०२५

कमळे,

आज वर मायना नाही. आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही.

पूड आधी घालायची नसते. नुसत्या साखरेचा पाक मोडीला आला की कढई उतरायची, पाटावर ओतायचा, कडेनं गोठू लागला की वर पूड भुरभुरून उलथण्यानं घड्या घालत मळायचा. आंबट आधी पडलं की पाक बिघडतो. आप्पांनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. मी विसरले नव्हते. मी जाणूनबुजून तुला उलटं लिहिलं.

कसं लिहिलं गेलं ते सांगते. सानिका रोज तो व्हिडिओ कुणाकुणाला दाखवत होती. शेजारीण येऊन म्हणाली, तुमच्या बहिणीच्या हातात जादू आहे हो. मी हसले, तिला चहा दिला आणि ती गेल्यावर तुला कृती लिहायला बसले. त्या ओळीपाशी पेन थांबलं होतं. वाटलं, एकदा बिघडू दे, मग कळेल तिला. मग ती फोन लावेल, म्हणेल, अक्का, तूच ये. मी एसटीनं येईन, पदर खोचून कढईपाशी उभी राहीन आणि सगळे बघतील. असलं माझ्या डोक्यात होतं, एकाहत्तराव्या वर्षी.

तू भाजलीस हे वाचलं आणि लगेच पेन उचललं. आप्पा तुला माझ्या नावानं हाक मारत, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं असं मी समजत होते आणि त्यावरून इतकी वर्षं मनात जळत होते.

सानिकाला आत्ताच फोन लावायला सांगितलं असतं तर तुला आजच कळलं असतं. पण तिला सगळं सांगावं लागलं असतं. तेवढा धीर मला झाला नाही. म्हणून पत्र, जलद टपालानं.

काय म्हणायचं ते म्हण. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुळसा


रत्नागिरी, २ जानेवारी २०२६

अक्का,

तुझं पत्र जलद टपालानंही १८ तारखेलाच मिळालं. मी शाळेला १६ तारखेलाच नकार कळवला होता. त्यांनी बाहेरून तयार गोळ्या मागवल्या.

तू उलटी कृती लिहिलीस ते मी एक वेळ समजू शकते. तुझ्या जागी मी असते तर मीही काय केलं असतं सांगता येत नाही. पण १३ तारखेला घरात फोन असताना तू नातीसमोर लाजलीस आणि माझी ऑर्डर गेली, ते गिळायला मला पंधरा दिवस लागले. अजून पुरतं गिळलेलं नाही. म्हणून उत्तराला उशीर.

आता पुढचं ऐक. शाळेला नाही म्हटलं होतं तरी २० तारखेला कढई चढवली. पूड मागाहून घातली. पाक घड्यांत वळायला लागला आणि कडेनं लाल होत गेला, तेव्हा मी एकटीच होते, आणि क्षणभर कापायचं विसरून बघत राहिले. चार किलो झाल्या. मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून जुनी मुलं, म्हणजे आता टकलं पडलेली, दुकानाशी यायला लागली. बरणी दुपारच्या आत रिकामी. गुरुप्रसाद सुट्टीवर होता, तोच पुड्या बांधत होता. मोबाइलवाल्याला त्यानं शिमग्यापर्यंत थांबायला सांगितलंय. त्यापुढचं माहीत नाही.

मिरकरवाड्याच्या एक म्हाताऱ्या बाई गोळी चघळून म्हणाल्या की आप्पांच्यापेक्षा ही जरा आंबट आहे. मी म्हटलं, असू दे, ही माझी आहे. बरं वाटलं म्हणून सांगते, तुला टोचायला नाही. थोडं टोचायलाही.

व्हिडिओवाली मुलगी परत येणार आहे. पाक कढईपाशी उभं राहून अक्का शिकली, मला धाकूनं शिकवलं आणि ही गोळी अक्काच्या पत्रातून आली, असं मी सांगणार आहे. पत्र कितवं ते सांगणार नाही. गुरुप्रसादनं पहिल्या तिन्ही खेपा का बिघडल्या म्हणून विचारलं, तर साखर खराब होती म्हटलं. सुनेलाही तेच. तुला कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. तो हक्क माझा एकटीचा आहे आणि तू इथे आलीस की मी तो चांगला वापरणार आहे.

संक्रांतीच्या आधी ये. हात बरा आहे, पण पाक मळायला दोघी लागतात.

कमळा