खिळ्यावरची टोपी

आई,
साष्टांग नमस्कार. आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे, उगाच काळजी करत बसू नकोस. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

लॉजिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रत्यक्ष काम करावं लागतं, म्हणून कॉलेजने मला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये धाडलंय. तू विणलेला स्वेटर अंगात असतोच.

"प्रत्येक वस्तू जागच्या जागी" हे आमच्या सरांचं पालुपद. माझी खोली आठवून हसू नकोस, पण आज सकाळी मी सगळं गोदाम आवरलं. बर्फखोलीच्या दाराबाहेर खिळ्याला कुणाचीतरी टोपी लटकत होती, तीसुद्धा कपाटात ठेवली.

इथवर लिहिलं आणि सगळ्यांसोबत डबा खायला बसलो. शेजारच्या हमालमामांना सहज विचारलं, "तो खिळा कशाला हो?"

"दार आतून उघडत नाही ना! आत जाणारा टोपी बाहेर अडकवतो. टोपी दिसली की आपण दार उघडायचं."

मी टोपीचं सांगितलं. सगळे हातातला घास टाकून धावले. मला म्हणाले, "तू इथंच बस."

हात स्वस्थ बसेना म्हणून लिहितोय.

आई, इथे एक डबा अजून कुणी उघडलेलाच नाही.

तुझा धाकटा