डाव्या टोकाचा शिकंजा

सोलापूर,
घट बसले त्या दिवशी

प्रिय नाथा,

पत्राच्या तोंडाशी 'प्रिय' लिहायचं असतं असं तुझी बहीण प्रभा म्हणते, म्हणून लिहू दिलं. नाहीतर कुर्डुवाडीहून रोज एवढ्या गाड्या सोलापूरला येतात आणि दोन वर्षांत तू एकीतूनही उतरला नाहीस, तो कसला प्रिय? मी बोलते ते ही पोर लिहिते. माझं 'हाय-न्हाय' परस्पर 'आहे-नाही' करते, आणि चार वाक्यं सांगितली की दोनच उतरवते असा मला संशय आहे. म्हातारीला वाचता येत नाही याचा या घरात सगळ्यांनीच फायदा घेतलाय.

तुझं श्रावणातलं पत्र प्रभानं मोठ्यानं वाचलं होतं. रेल्वेवाले तुला झाशीच्या कारखान्यात पाठवतायत, दसरा झाला की होकार कळवायचा, असं होतं त्यात. एवढं लांब गेलेलं माणूस लग्नाकार्यालासुद्धा धड येत नाही. तुझ्या आईची भाकरी तव्यावर करपली. पडवीत तुझ्या बापाचा रंधा चालला होता, तो अर्ध्या फळीवर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. कान माझे अजून शाबूत आहेत.

आता त्याच्या गुडघ्यांचं ऐक. जन्मभर उकिडवं बसून, पायाच्या बोटांत फळी धरून त्यानं हातमागवाल्यांची लाकडं तासली. आता तो खाली बसला की त्याला उठवायला मी लागते, आणि मला उठवायला तो. खाली बसायचं नाही असं डॉक्टरनं गेल्या उन्हाळ्यातच बजावलं होतं. ऐकतोय कोण? पण तुझं पत्र वाचून झालं आणि दुसऱ्या दिवशी हा मोडीत निघालेल्या एका मागाची जाडजूड लाकडं हातगाड्यावर घालून आला. उभ्यानं काम करायचा बाक करायचाय म्हणाला. हसू नकोस, माझं हसून झालंय.

तुला तो दिवस आठवतच असेल. तू सुतारकीचं शिक्षण घेऊन आलास आणि तुळईला डोकं लागेल असा पडवीत उभा राहून सांगत होतास, की बाकाला ओळीनं भोकं पाडायची, त्यांत खुंट्या घालायच्या, एका टोकाला फळी आवळणारा शिकंजा. म्हणजे फळी आपसूक घट्ट बसते, पायाला त्रास नाही. तुमचे मास्तर त्या खुंटीला कुत्रं म्हणतात, कारण धरलं की सोडत नाही. मी म्हटलं, कुत्र्याला भोक कशाला, भाकरी घाला. आपण सगळे हसलो. तुझा बाप तात्याबा तेवढा हसला नाही. म्हणाला, "सुताराचा पाय हाच त्याचा बाक. हुबं ऱ्हाऊन काम करायचं आसंल तर दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हा." आणि तू राहिलास की रे, तेही थेट सरकारच्या दारात. हट्टात बापाच्या वरताण निघालास.

तर भोकं. वाटतं तेवढं सोपं नाही म्हणे ते. आधी बाभळीच्या एका तुकड्यावर हात बसवत होता. पहिलं भोक ढिलं झालं, खुंटी कलली आणि फळी उडून तुळशीपाशी गेली. दुसरं घट्ट झालं. दमट हवेत खुंटी फुगली, खालून हातोडी घालून काढावी लागली. तिसरं गिरमिटानं एका दमात आरपार पाडलं, तर खालच्या अंगाचे टवके निघाले. मग समजलं, की गिरमिटाचं टोक खाली डोकावलं की थांबायचं, फळी उलटी करायची आणि उरलेलं त्या बाजूनं पाडायचं. त्या तुकड्याच्या ढिल्या भोकात आता मी माझी काठी उभी करते. अगदी मापात बसते.

शेजारचा गुरुलिंग रोज दुपारी बाक बघायला येतो. गिरणी सुटल्यापासून त्याला दुसऱ्याच्या कामात खोट काढायचं काम लागलंय. एक दिवस म्हणाला, "तात्याबा, हे काय रे? बाक तुझ्या कमरेच्या केवढा वर गेलाय. आणि शिकंजा डाव्या टोकाला का ठोकलास? रंधा उजवीकडून डावीकडं जातो, शिकंजा उजवीकडं पायजे, अडवायची खुंटी डावीकडं. सगळंच उलटं की." बरोबरच होतं त्याचं. एरवी एका शब्दाला दोन शब्द परत करणारा तुझा बाप खाली मान घालून पॉलिशचा कागद घासत राहिला. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. म्हटलं, गुडघ्यांबरोबर डोकंही गेलं की काय?

परवा दुपारी सगळी जरा लवंडली होती. मी पाणी प्यायला उठले, तर तात्याबा बाकाशी उभा. पायाखाली पाट घेतलेला, उंची वाढवायला. आणि रंधा डाव्या हातात. लहानपणी तुझ्या डाव्या हातात लाकूड तासायचा वाकस दिसला की गुण्याच्या पट्टीनं बोटांवर टोला हाणणारा, तुझा उजवा हात धरून घटवून घेणारा हा माणूस, स्वतःच्या डाव्या हातानं रिकाम्या बाकावर रंधा फिरवत होता. वेडावाकडा, लहान पोरासारखा. थांबायचा, पेन्सिलीनं खूण करायचा, पुन्हा फिरवायचा. मी दिसले तसा ओशाळला. म्हणाला, "खुंटी कुटं यावी त्ये बगतोय." मी म्हटलं, बघ बाबा, आणि पाणी न पिताच परत जाऊन पडले.

बाकावर अजून एकही भोक नाही, नुसत्या खुणा आहेत. केवढं पाडायचं ते खुंटीवर ठरतं, आणि तुझ्या खुंट्या केवढ्या जाडीच्या असतात हे त्याला ठाऊक नाही. विचारायचा तो नाही, तुला नाही आणि मलाही नाही. पण आज सकाळी माझ्या पानाच्या डब्याखाली एक कोरं आंतर्देशीय पत्र निघालं. प्रभानं ठेवलं नाही, तुझ्या आईनं नाही. अक्षराशी जिचा जन्मात संबंध नाही अशा म्हातारीच्या डब्याखाली कोरं पत्र कोण ठेवतं, सांग बघू? त्यानं ठेवलं, मी भरलं. झाशीला जायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण दसऱ्याला हत्यारं पुजायची असतात, आणि त्या बाकाला हळदकुंकू लावताना त्याच्याशी पाटाशिवाय उभं राहणारं या घरात कुणी नाही. येताना तुझ्या खुंट्या घेऊन ये.

तुझीच,
शाईनं अंगठा बरबटून घेतलेली
आज्जी