आरसा, रांगोळी आणि नानांचा डोळा

मुलुंड, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५५
आरशावर चरा. चांगला बोटभर. दोन महिन्यांचं पॉलिश पाण्यात.
काल बायकोने, कुसुमने, माझ्या हत्यारांबरोबर दुर्बिणीच्या आरशाची काच आणि ती घासायची राळेची तबकडीही पाटावर मांडून पूजली. भोवती रांगोळी. मला कौतुकच वाटलं, फूल मीच वाहिलं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, हे आज घासताना कर्र वाजलं तेव्हा लक्षात आलं. कण राळेत रुतलेले.
कु. जेवली नाही.

रविवार
नाना आले. शाळेत ताऱ्यांचं वेड त्यांनीच लावलं, जहाजाच्या खिडकीची ही जाड काचही त्यांचीच. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसरा विझत चाललाय. मे महिन्यात शनी या आरशातून बघायचा, एवढंच मागणं.
चऱ्यावरून नख फिरवलं. "नखाला लागतोय. परत बारीक पुडीपासून घास." रागावले नाहीत. उलट कु.ला म्हणाले, या काचेला कुणीतरी पहिल्यांदाच हळदकुंकू वाहिलं. देवमाणूस.
कु. मात्र काचेला हात लावायला तयार नाही.

पाडवा
काच पिंपावर ठेवून भोवती फिरत घासतोय. राळ नवी ओतली. कु. पाणी आणून देते, उभी राहते लांबच. दिवाळीची रांगोळी यंदा काढलीच नाही तिने. मी काढ म्हटलं होतं, पण...

संक्रांत
चरा गेला, पॉलिश आलं. दुपारी स्वयंपाकघरात घोंगड्या लावून काळोख केला. दिवा, भोक पाडलेला पत्रा, दाढीचं पातं. पात्याआडून बघितलं की काचेचे उंचसखल भाग सावल्यांत दिसतात. नाना पात्यामागे बराच वेळ बसले.
"मला नुसतं धुकं दिसतंय रे."
नानांनीच कु.ला हाक मारली, पात्यामागे बसवलं आणि चाचपडत जाऊन काचेवर अंगठा दाबून धरला. उबेने काच फुगते.
अंगठा काढला. "कुठे दाबला, सांग पोरी."
"डाव्या कडेला. टेंगूळ आलंय, नाना." थोड्या वेळाने, "आता उतरतंय."
"झकास. मला शनी नाही दिसला, तर तू बघून सांगायचं."
नंतर तिनेच ओल्या कापसाने नानांचा ठसा पुसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा काचेला हात. दोघांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

जानेवारीअखेर
काचेचा आरसा करणारी चांदी चढवायची राहिलीय. दुर्बिणीची नळीही. कु. रोज विचारते, शनीचं कडं कुठल्या बाजूला कललेलं असतं, नानांना नीट सांगायला हवं ना. मी सांगतो.
मे लांब आहे. तोवर तो डोळा...