सामान कोण बघणार

बाबा, परवा व्हिएतनाममध्ये, दा नांगच्या समुद्रकिनाऱ्यावर, मला फुटबॉल खेळायला बोलावलं. आमच्या टूरमधली सगळी मंडळी बाजारात घासाघीस करायला गेली होती, मी डोकं दुखतंय सांगून मागे राहिले. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. हॉटेलच्या खिडकीतून वाळूवर खेळणारी मुलं दिसली होती, एवढंच. परदेशात कुठेही गेले की माझं हे असंच होतं. लोक राजवाडे बघतात आणि मी मैदान शोधते. कडेला उभी राहते, बराच वेळ, आणि मग हॉटेलवर परत येते. बोलावणं आजवर कुठेच आलं नव्हतं.

कडेला उभं कसं राहायचं हे तुम्हीच शिकवलंत. नवं राज्य झालं, सरकारी नोकरांच्या वाटणीत तुमचं नाव छत्तीसगडच्या वाट्याला आलं आणि आपण भोपाळहून रायपूरला आलो. सरकार अजून जुन्या दवाखान्याच्या इमारतीत टेबलं मांडत होतं, चौबे कॉलनीत आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तुम्ही मात्र गावातली मैदानं हुडकून ठेवलेली. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून बीरगांवला न्यायचात. तिथे कारखान्यातले कामगार सुट्टीच्या संध्याकाळी खेळत. तुम्ही पँट दुमडून कडेला उभे राहता, बसची वाट बघत असल्यासारखे. मी विचारते, "पूछ क्यों नहीं लेते?" मी तेव्हाही हिंदीतच बोलायचे आणि तुम्ही हट्टाने मराठीतच उत्तर द्यायचात. "विचाराचं नाही पोट्टे. उभं राहाचं. बॉल बाहेर येते, आपल्या पायाशी येते, तो नीट परत द्याचा. ज्याले समजाचं त्याले समजते, मंग तेच बोलावतात." आणि खरंच बोलवायचे. मग घड्याळ, चष्मा आणि स्कूटरची किल्ली रुमालात बांधून तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि पळत आत जायचात. ऑफिसात फायलींवर मान घालून बसणारा माणूस तिथे शिट्ट्या मारायचा.

बॉल परत द्यायला मीही शिकले होते. तुम्ही ऑफिसात असताना मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर मारून मारून. त्यासाठी आईची किती बोलणी खाल्ली असतील. एका रविवारी बॉल माझ्याकडे आला आणि मी तो पायाच्या आतल्या बाजूने सरळ त्या उंच वेल्डरच्या पायात दिला, ज्याचं सगळे ऐकायचे. त्याने बॉल थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हाला हाक मारली, "भैया, बिटिया को भेजो ना, एक कम है." मी चपला काढल्यासुद्धा होत्या. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होतात. हसत म्हणालात, "फिर सामान कौन देखेगा?" सगळे हसले. मीही हसले, आणि पायाने चाचपत चपला परत घातल्या.

तुम्ही रागावून बोलला असतात तर मी भांडले तरी असते. पण तुम्ही मजेत होतात, तुमच्या मनात काही नव्हतं. परतताना उसाचा रस पाजलात, वर म्हणालात, "लय मजा आली ना?" मी हाँ म्हटलं. पुढच्या रविवारी मी विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, कारण विचारायचं नसतं. दोन वर्षं मी त्या गाठोड्यासकट कडेला उभी होते आणि तुमच्या लक्षात येईल म्हणून वाट बघत होते. मग यायचं बंद केलं. काहून, म्हणालात. पढ़ाई, म्हटलं. तुम्हाला ते पटलंही, याचा मला अजून राग येतो.

तुमच्या शेवटच्या आजारपणात एकदा टीव्हीवर मॅच चालू होती, आवाज बंद ठेवून. मी औषधाची वाटी घेऊन आले तर तुम्ही नजर न हलवता विचारलंत, "तुले खेळाचं होतं का गं, तवा? बीरगांवले?" एवढ्या वर्षांनी. मी पाहिलं, तुमचा हात चादरीची कड चुरगाळत होता. मी म्हटलं, "नहीं बाबा, मेरा मन ही नहीं था." तुम्ही "बरं" म्हणालात आणि हात थांबला. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत.

परवा मात्र बॉल माझ्याकडे आला, मी तो नीट परत दिला, आणि एका मुलाने एक बोट वर करून माझ्याकडे दाखवलं. एक कमी आहे. मी पुढे झाले आणि तिथेच अडले. खांद्याला पर्स, पर्समध्ये पासपोर्ट, टूर मॅनेजरने जिवापाड जपायला सांगितलेला. सामान कोण बघणार? खरंच हेच डोक्यात आलं, तुमच्याच आवाजात. त्या मुलाला माझी अडचण कळली. त्याने बोट दाखवलं तिकडे सगळ्यांच्या चपला, फोन, किल्ल्या, पिशव्या यांचे दोन ढीग रचले होते, आणि तेच त्यांचे गोलपोस्ट होते. मी पर्स एका ढिगावर ठेवली. बाबा, इतकं सोपं होतं. बीरगांवला गोलपोस्ट म्हणून विटा असायच्या, तुमचा रुमाल त्यातल्या एकीवर ठेवला असता तर चाललं असतं.

मी खेळले कशी ते विचारू नका. कुर्ता पायात येत होता, लगेच दम लागला, एक सोपा बॉल पायाखालून गेला. पण एक पास असा गेला की पलीकडून कुणीतरी शिट्टी मारली, आणि मी वळून पाहिलं. उगाचच. तिथे टूरची बस परत आली होती, बाकी कुणी नव्हतं.

हे हॉटेलच्या कागदावर लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी त्या दिवशीचं तुमचं "बरं" मी मोडलं नसतं. म्हणून तुम्हाला कळणार नाही अशा बेताने, तुमच्या बोलीत, एकदाच सांगते. मले खेळाचं होतं, बाबा. दर रविवारी.