घोव माझो मिरचेक गेलो

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

आलं ते: परदेशी तिकिटांचं जाड पाकीट एक. आत जुन्या नोंदवहीतल्या पानाची छायाप्रत एक, फोटो एक, इंग्रजी चिठ्ठी एक.
खर्च: शोधाची फी दोन हजार तीनशे. लेकीने, प्रणालीने, तिच्या पगारातून भरली, तरी घरचेच.

एरवी एवढ्या आकड्याने मला दिवसभर अन्न गोड लागलं नसतं. पण फोटो पाहिला आणि वही मिटून ठेवली.

एक तरणा माणूस बसलाय. अंगाला जाडंभरडं काहीतरी, गळ्यात नंबरची पाटी. भेदरलेला नाही, हसतही नाही. फोटो म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसावं, काचेच्या भोकाकडे बघ म्हटलं म्हणून बघतोय. आणि कान! पुढे आलेले, खालची पाळी तुटक. हेच कान मी गेली चौतीस वर्षं रोज सकाळी वर्तमानपत्राच्या दोन बाजूंना बघते.

सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी आधी कपाळाला लावला, मग चष्मा मागितला.

“कान बघ गो. आमच्या श्रीपादाचेच.”

देवापुढे ठेवलाय. फुलं वाहिली नाहीत. जिवंत माणसाचा फोटो की मेलेल्याचा, तेच अजून कळलेलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

कशापायी हे सगळं, ते एकदा लिहून ठेवते. सासूबाईंचं वय शहाऐंशी. त्यांच्यानंतर सांगणारं कुणी नाही.

फोटोतला माणूस म्हणजे ह्यांचे खापरपणजोबा, गोंदू परब. मालवणकडचं आंबेरखोल गाव. बाविसाव्या वर्षी घर सोडून गेले. बायको जानकी, मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. घरात पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य — मिरजेला गेले, आले नाहीत. प्रत्येक पिढीतला कुणीतरी मिरजेला शोधायला गेला. माझे सासरे, बापू, पलटणीतून सुटीवर येताना मुद्दाम उतरले. तीन दिवस धर्मशाळा, देवळं, म्हातारी माणसं, सगळं पालथं घातलं. हाती लागलं ते भडंग. घरी आणून सगळ्यांना वाटलं म्हणे.

बारा वर्षं वाट पाहिली, मग भावांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि जाळला. रीतच आहे तशी. जानकीला सांगितलं, कुंकू पूस. ती नाही म्हणाली. घोव मेलेला नाही, येणार आहे. गावाने निर्लज्ज म्हटलं, सणाला कुणी बोलावीना. मरेपर्यंत कुंकू लावलं तिने. पण मेल्यावर कोण विचारतो! श्राद्ध घातलं ते विधवेचं. अविधवा नवमीला — नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा तो दिवस — आमच्या घरात तिच्या नावाने आजवर एक सवाष्ण जेवलेली नाही.

जानकीच्या सुनेने तिच्या सुनेला सांगितलं, तिने सासूबाईंना, सासूबाईंनी मला. निरोप एकच: तो कधी गेला ते शोधा. ती आधी गेली असेल तर तिला तिची नवमी द्या. बाप्या माणसांच्या कानावर तो कधी घातलाच नाही. सुनेकडून सुनेकडे आला.

जूनमध्ये दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना सासूबाई म्हणाल्या, “ह्या नवमीक तरी, अलका.”

नवमी पंधरा सप्टेंबरला आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

काल मुद्द्याचं राहिलंच. मिरज कसं सुटलं ते.

फाल्गुनात इथे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यातल्या आमच्या ओट्यावर, शेजारच्या आरा गावच्या भाभींबरोबर मटार सोलत होते. बोलता बोलता मिरजेची गोष्ट सांगितली. भाभींचा हात थांबला. “मिरज नहीं जी, मिरिच कहा होगा। हमारे परनाना भी मिरिच देस गए थे। गन्ना काटने। जहाज़ से।”

मिरिच म्हणजे मॉरिशस!

सोललेले दाणे तसेच टाकून आत आले. सासूबाईंना म्हटलं, आजेसासूबाईंनी तुम्हाला सांगितलं ते वाक्य जसंच्या तसं म्हणा. एक अक्षर बदलू नका.

त्या म्हणाल्या, “घोव माझो मिरचेक गेलो.”

“मिरजेक की मिरचेक?”

“मिरचेक. मी कायम तसाच सांगतंय. आयकणारे मिरज आयकतत.”

मी सातारची. मला मिरजच ऐकू येणार. बापू पलटणीतले, त्यांना रेल्वेचं जंक्शन ऐकू आलं. दीडशे वर्षं बायका बरोबर सांगत राहिल्या आणि ऐकणारे चुकीच्या गाडीत बसत राहिले.

शनिवार, १६ ऑगस्ट

प्रणालीला सुटी. भिंग घेऊन पान वाचलं. तिचं मराठी हिंदीतून आलेलं, इंग्रजी मात्र पाण्यासारखं. एकेक रकाना वाचायची आणि म्हणायची, “मतलब मम्मी, हे बघ.”

नाव गोंदू. बापाचं नाव बाबाजी. गाव — स्पेलिंग असं की हसू यावं, पण मोठ्याने वाचलं की आंबेरखोलच. जात लिहिलेली, वय बावीस. उंची पाच फूट दोन इंच. आल्याचं साल १८६६.

मला त्या कारकुनाचंच नवल वाटत राहिलं. कुठला कोण साहेब, जहाजातून उतरलेल्या शेकडो मजुरांतला एक उभा करतो, त्याला फुटपट्टी लावतो, बापाचं नाव विचारतो. आमच्या घरात त्याची उंची कुणाला ठाऊक नव्हती. त्याच्या बापाचं नाव ह्यांनासुद्धा आज कळलं. चित्रगुप्ताची वही म्हणतात ती अशीच असेल. आपण विसरलो तरी तिथे लिहिलेलं असतं.

अंगावरच्या खुणांचा रकाना आहे, पण त्यावर शाई सांडलेली. वाचता येत नाही.

मृत्यूचा रकाना — कोरा.

सासूबाई म्हणाल्या, कोरा म्हणजे मेला नाही ना? हे म्हणाले, “आई, आज एकशे एक्याऐंशी वर्षांचा असता तो.” सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हे फौजेतली सुभेदारकी विसरून पाणी आणायला उठले.

प्रणालीने मॉरिशसच्या दफ्तरखान्यातल्या बाईंना पुन्हा लिहिलं: मूळ वही उजेडात धरून खुणांची ओळ वाचता येईल का, आणि रकाना कोरा का?

सोमवार, १८ ऑगस्ट

श्रावणातला शेवटचा सोमवार. शंकराला म्हटलं, बाकी काही मागत नाही. कोरा रकाना भर.

गुरुवार, २१ ऑगस्ट

देवरामभाऊजींचा फोन. ह्यांचे चुलतभाऊ. गावचं घर, कुळाचार, श्राद्धाची वही सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या शब्दाबाहेर परबांत सवाष्ण जेवत नाही. कान गेलेत, त्यामुळे आपण बोललेलं एकही पोचत नाही आणि त्यांचं सगळं खातीपुऱ्याच्या नाक्यापर्यंत ऐकू जातं.

ह्यांनी ओरडून ओरडून सांगितलं, नोंद सापडली. पलीकडून आलं ते हेच: “पुतळो जाळलो ती तिथ वहीत आसा. विधवा ती विधवाच. परदेशातले कागद माका नको.”

मग दुसरं बोलले — गणपतीआधी बुवांच्या पादुकांचं चांदीचं कवच उजळून घेतलं, रामेश्वराच्या देवळात रांग लागली होती. बुवा म्हणजे देवळाच्या मागे समाधी आहे ते. पहिला नैवेद्य परबांचा. का, ते कुणाला माहीत नाही. चालत आलंय.

फोन ठेवल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. जेवल्या नाहीत.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उत्तर नाही. उद्या गणपती. मूर्ती जोहरी बाजारातून आणली, वीतभर, शाडूचीच. मोदकाचं पीठ घरचं.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. इथे तेरडा कुठला मिळायला! मुखवट्यावरच भागवते. दारापासून देवापर्यंत पिठाची पावलं काढली, मुठीचा ठसा आणि वर बोटांचे ठिपके. कंबर धरली होती. एका पावलावर ठिपका जास्त पडला.

सासूबाई खाटेवरून बघत होत्या. खूप दिवसांनी हसल्या. “बुवाच्या पाथरवटाचो हात लागलो काय गो तुका?”

मला कळलं नाही. म्हटलं, कोण पाथरवट?

तेव्हा कळलं. बुवांच्या मूळ दगडी पादुका त्यांनी नवीन सून असताना पाहिलेल्या आहेत. पाथरवटाने डावं पाऊल बिघडवलं होतं, पोरं बोट दाखवून हसायची. म्हणून बापूंनी निवृत्तीच्या पैशातून वरून चांदीचं कवच घातलं. मी आले तेव्हा कवचच होतं. मी त्यालाच गंध लावत आले.

सासूबाईंना मग बुवांच्या गोष्टी आठवत गेल्या. कुठून आले कुणास ठाऊक. बोलणं कमी, आणि जे बोलायचे त्यात भलतेच शब्द. पाय धरले तरी कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडत नसत. रोजचं ताट मात्र परबांकडून जायचं. जानकी स्वतः न्यायची. ते जेवेपर्यंत देवळाच्या पायरीवर, पाठ करून बसायची. प्लेगच्या साली ती गेली, आणि महिन्याच्या आत बुवा गेले; एवढं देवरामभाऊजीही सांगतात.

जास्तीचा ठिपका पुसून टाकला.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

तिथल्या बाईंचं उत्तर आलं. जेवायच्या वेळेला. प्रणाली ताट सरकवून फोनवरून वाचायला लागली. हात खरकटा तसाच.

मृत्यूचा रकाना कोरा, कारण माणूस तिथे मेलाच नाही. पानाच्या पाठीमागे नोंद आहे. आम्ही पाठ मागितलीच नव्हती! सन १८८१. करार संपला, पंधरा वर्षं झाली. मुंबईच्या जहाजात बसला. परत.

परत!

हे बोटांवर मोजायला लागले. पुतळा जाळला अठ्ठ्याहत्तर साली. म्हणजे स्वतःला जाळल्यावर तीन वर्षांनी माणूस मुंबईला उतरला. बंदरापासून आंबेरखोल किती? बोटीने दोन दिवस. मग आला का नाही? हे म्हणाले, मुंबईतच राहिला असेल, गिरणीत वगैरे. दुसरा संसारही केला असेल, कोण जाणे.

सासूबाई कालवलेल्या भाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “घराक कसो येतलो? त्याका जाळलेलो.”

खरंच आहे. ज्याच्या नावाने पिंड पडले, तो उंबरठ्यातून आत कसा येणार? जितेपणी भूत. आत आला तर घराला दोष, बायकोला बोल, पोराच्या लग्नाला अडथळा.

प्रणाली म्हणाली, अजून एक ओळ आहे. बाईंनी मूळ पान दिव्याखाली धरलं. शाईखालचं वाचता आलं. अंगावरची खूण.

डाव्या पायाला सहा बोटं.

माझ्या हातातला पळा आमटीत पडला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ह्यांना वाटलं, मला चटका बसला.

शनिवार, ६ सप्टेंबर

देवरामभाऊजींना पत्र आणि बाईंच्या उत्तराची प्रत स्पीड पोस्टने पाठवली. फोनवर सांगण्यासारखं नाही. पाकिटाच्या कोपऱ्याला सासूबाईंनी कुंकवाचं बोट लावलं. श्राद्धाच्या पत्राला लावत नाहीत. बापू गेल्यापासून त्या स्वतः बारा वर्षं कुंकवाला शिवलेल्या नाहीत. नक्कल ठेवते:

“देवरामभाऊजींना अलकाचा नमस्कार. कागदावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. आंघोळ करून देवळामागे जा. बुवांच्या पादुकांवरचं कवच तुम्ही स्वतःच्या हाताने उचला आणि डाव्या पावलाची बोटं मोजा. दोनदा मोजा. बुवा जानकीच्या मागून गेले, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. नवमी पंधराला आहे. सिविल लाइंसमधल्या ओळखीच्या रुचिताला सवाष्ण म्हणून बोलवायचं ठरवलंय, पण तुमच्या शब्दासाठी आमंत्रण थांबवलं आहे. पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत आहे. बोटं किती भरली, तेवढंच उलट टपाली कळवा.”