उजव्या इंजिनाबद्दल

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे, तुम्ही सगळे बरे असाल. भाचीचा खोकला गेला का? आईच्या गुडघ्याचं तेल तुझ्याकडे पाठवलं होतं, ते तिला लावतेस ना? तर पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते सगळं लिहून झालं.

एकाच गावात राहून तू फोनऐवजी पत्र का लिहिलंस ते मला कळलं. फोनवर मी मध्येमध्ये बोलतो आणि तू रडतेस. म्हणून मीही पत्रच लिहितोय.

शनिवारी विमान सुखरूप उतरवल्याबद्दल भावोजींचा सत्कार आहे आणि त्यात सहवैमानिक म्हणून मी पाच मिनिटं बोलावं, अशी तुझी इच्छा. भाषणसुद्धा तूच लिहून दिलंस, मला काही कष्टच ठेवले नाहीस. छान लिहिलंयस. 'त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही नव्हता' हे दोनदा आलंय, त्यातलं एक काढ. पण मला सर्दी झालीये, घसा बसलाय. मला काही जमेलसं वाटत नाही.

आणि माझी गरज तरी काय आहे? ऑफिसच्या दारात त्यांचा माणसाएवढा फोटो लावलाय, हाताची घडी घातलेला. फोटोसाठी त्यांनी केस काळे केले हे तुला माहीत असणारच, बेसिन तूच घासलं असशील. ते आत आले की स्वागताच्या टेबलावरची मुलगी उठून उभी राहते. मला घरबसल्या कळतं, कँटीनमध्ये ते रोज ती गोष्ट सांगतात, आणि ती रोज वाढते. पहिल्या दिवशी दोन्ही इंजिनं बंद असताना आम्ही चार मिनिटं तरंगलो होतो. आता अकरा झालीत. आधी खाली शेतातली गुरं दिसत होती, परवापासून गुरांचे डोळे दिसायला लागलेत. शनिवारपर्यंत ते एकेका गाईला नावाने हाका मारतील.

शिवाय ते नवीन एक शिकलेत. 'मी फक्त माझं कर्तव्य केलं' म्हणायचं आणि खाली बघायचं. मनात तीनपर्यंत मोजून मग वर बघायचं. आरशासमोर सराव केल्याशिवाय हे येत नाही. लोक मात्र पाघळतात.

मावशी तुला आठवते ना? आमच्या केबिनची प्रमुख, जिला सगळा स्टाफ मावशी म्हणतो. त्या दिवशी मागे चौऱ्याऐंशी माणसांची डोकी गुडघ्यात घालायला लावून एका रडणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरून बसली होती ती. तिलाही शनिवारी बोलावलंय. स्टेजवर पुष्पगुच्छ आणून द्यायला.

तुझ्या भाषणातली गोष्ट अशी आहे: डावं इंजिन बिघडलं, पण थरथर मोजणाऱ्या काट्याने उजवं बिघडल्याचं दाखवलं, म्हणून कॅप्टननी उजवं बंद केलं. मग डावंही गेलं. तेव्हा कॅप्टननी हवेतल्या हवेत उजवं पुन्हा चालू करून सगळ्यांना सुखरूप उतरवलं. ताई, ते चालू होणारच होतं. त्याला काही झालंच नव्हतं. धडधाकट माणसाला ढकलून पाडायचं आणि मग हात देऊन उठवायचं, असलं हे शौर्य आहे आणि त्याला पदक मिळतंय.

शेवटी तू लिहिलंयस, 'यंत्राने दगा दिला, माणसाने नाही.' हे वाक्य मी म्हणणार नाही. घसा बसलाय.

बाकी ठीक. चौकशी संपेपर्यंत मला उडायला बंदी आहे, त्यामुळे घरी बसून शर्टांना इस्त्री करतो. एकूण एक शर्ट झाले. आता उशांचे अभ्रे काढलेत.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

काल पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज ते फाडलं आणि पुढे लिहितोय. मला सर्दीबिर्दी काही झालेली नाही.

रविवारी सकाळी मिस्त्री आले होते माझ्याकडे. मिस्त्री म्हणजे ज्यांनी अपघाताच्या तीन दिवस आधी त्या विमानातले थरथर दाखवणारे काटे बदलले होते, ते. भावोजी कँटीनमध्ये ज्यांना 'तो वायरवाला' म्हणतात, ते. त्यांना निलंबित केलंय. हँगरमध्ये जाऊ देत नाहीत, त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी आत अडकलीये तीही आणू देत नाहीत. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले. हातात त्या दिवशीच्या कामाच्या कागदाची झेरॉक्स होती, घडीवर फाटायला आलेली.

म्हणाले, "साहेब, मी भांडायला आलो नाही. एकच विचारायचंय. उजवा काटा लालवर गेला होता, हे तुम्ही स्वतः बघितलंत?"

मी म्हटलं, "तसं जबाबात लिहिलंय, मिस्त्री."

"लिहिलंय ते मी वाचलं. तुम्ही बघितलंत का? कारण तुम्ही बघितलं असेल तर चूक माझीच. वायरी मी उलट्या जोडल्या असणार. बावीस वर्षांत असं झालं नाही, पण होऊ शकतं. मग मी तसं कबूल करून टाकतो. नुसतं आठवत बसवत नाही हो आता. डोळे मिटले की त्या दोन वायरीच दिसतात. कधी बरोबर जोडलेल्या दिसतात, कधी उलट."

ताई, या सगळ्या प्रकरणात स्वतःची चूक असेल का, असा विचार करणारा हा एकच माणूस मला भेटला. आणि त्याची चूक नव्हती. मी त्यांना काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "चहा घेणार का?"

त्यांनी घेतला नाही.

आता तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहितो, कारण फोनवर सांगितलं तेव्हा मी निम्मं गिळलं होतं.

विमान थरथरायला लागलं, जळकट वास आला. भावोजी म्हणाले, "उजवंच असणार. गेल्या महिन्यातही तेच कुरकुरत होतं." असणार! मागून मावशीचा फोन आला, डावीकडच्या प्रवाशांना ठिणग्या दिसतायत म्हणून. भावोजी तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही प्रवाशांचं बघा, इंजिनाचं आम्हाला कळतं." आणि फोन ठेवला.

इंजिन बंद करायची आमची एक पद्धत असते. पहिल्या दिवसापासून ती घोकून घेतात. एकाने लिव्हरवर हात ठेवायचा, पण ओढायची नाही. मोठ्याने म्हणायचं, "उजवं बंद करतोय." दुसऱ्याने आधी काटे बघायचे, मग पहिल्याचा हात बरोबर लिव्हरवर आहे का ते बघायचं, आणि पटलं तरच म्हणायचं, "कन्फर्म." हा शब्द ऐकू आल्याशिवाय लिव्हर हलवायची नाही. कॅप्टन कितीही मोठा असो. दोन माणसं पुढे बसवतात ती त्यासाठीच.

भावोजींनी हात ठेवला. म्हणाले, "उजवं बंद करतोय." काटे माझ्यापासून दोन फुटांवर होते. मी काट्यांकडे बघितलंच नाही. मी भावोजींच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणालो, "कन्फर्म."

चुकीच्या इंजिनाची लिव्हर त्यांनी ओढली, पण ती ओढायची परवानगी मी दिली. का दिली, ते सांगतो. आदल्या आठवड्यात मी एकदा "एक मिनिट, सर" म्हणालो होतो, तर उतरल्यावर सगळ्या क्रूसमोर ते म्हणाले, "हे आमच्या सासरहून आलंय, सांभाळून घ्यावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो. ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळालेली, दुसरं काय करणार. तेव्हापासून ते म्हणतील त्याची री ओढायची, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि चौऱ्याऐंशी माणसं पाठीमागे बसलेली असतानाही मी तेच केलं. भावोजींना निदान आपण बरोबर आहोत असं मनापासून वाटत होतं. मला काहीच वाटत नव्हतं. मला फक्त ते चिडायला नको होते.

उजवं बंद केल्यावर थरथर जरा कमी झाली, कारण डाव्यावरचाही जोर त्यांनी उतरवला होता. ते माझ्याकडे बघून हसले आणि मीही हसलो. उतरण्यासाठी पुन्हा जोर दिला तेव्हा डावं मोठा आवाज करून गेलं. त्या दिवशी मी काट्यांकडे पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. डावा काटा टोकाला जाऊन थडथडत होता. उजवा खाली गप्प पडला होता. मिस्त्रींच्या वायरी बरोबर होत्या, ताई. काटे पहिल्यापासून खरं सांगत होते.

जमिनीवर आल्यावरचं तर मी तुला फोनवरही सांगितलेलं नाही. कॉकपिटमधलं बोलणं टेप होतं, पण आमच्या त्या जुन्या विमानात ती टेप अर्ध्या तासाचीच आहे. वीज चालू राहिली तर नवं बोलणं जुन्यावर चढत जातं. म्हणून असं काही घडलं की उतरल्यावर ताबडतोब तिचा खटका काढायचा, आणि ते काम सहवैमानिकाचं. माझा हात वर गेला होता. भावोजी म्हणाले, "राहू दे, दिवे जातील, लोक फोटो काढतायत." मला कळलं. त्यांना कळलं की मला कळलंय. मी हात खाली घेतला आणि पाऊण तास आम्ही दोघं खिडकीतून हात हलवत बसलो. तेवढ्यात ते सगळं बोलणं पुसलं गेलं. हे काटे दुसऱ्या कुठल्या यंत्रात नोंदले जात नाहीत, आणि तपासायला ते सोडवले तेव्हा वायरी कशा होत्या ते कोणी लिहून ठेवलं नाही. म्हणजे उरला फक्त आमच्या दोघांचा शब्द, आणि समोर एक मिस्त्री.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "आधी जेवून घे." मी जेवलो. आणि आता पत्रात लिहितेस, 'तूही त्याच विमानात होतास, हे विसरू नकोस.' अक्षर तुझं आहे, पण हे तुझं बोलणं नाही. तू लॅबमध्ये रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा वाचतेस. घाई करणाऱ्या डॉक्टरलाही थांबायला लावतेस, कारण चिठ्ठी बदलली तर भलत्याच माणसाला सुया टोचतील. आणि इथे भलत्याच माणसाचं नाव चिकटवलंय हे माहीत असून तू त्यावर भाषण लिहिलंस. मला तुझा राग आलाय. खूप आलाय. भावोजींचा येतो त्याहून जास्त, कारण त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

आज अकरा वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन नवा जबाब दिला. पहिलंच वाक्य आहे, 'मी काटा न बघता कन्फर्म म्हणालो.' मावशीचा फोन, टेप, सगळं लिहिलंय. जबाब बदलायचा एक फॉर्म असतो. त्यात कारणासाठी एकच ओळ होती. मी लिहिलं, 'आधीचा खोटा होता.' अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "वकिलाशी बोललात का? तुमचं लायसन्स जाईल." मी म्हटलं, "जायलाच हवं." हे ऐकून तू हळवी होऊ नकोस. पुढचं वाच.

तिथून मी मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, मागे त्यांची बायको उभी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या वायरी बरोबर होत्या. मी काटा बघितलाच नव्हता. आज तसं लिहून दिलंय."

त्यांनी दाराची चौकट धरली. मला वाटलं, हात पुढे करतील. खोटं कशाला बोलू, येताना रस्त्याने मी तेच चित्र रंगवत आलो होतो. आपले भावोजी मलाही चावलेत थोडे.

ते म्हणाले, "म्हणजे रविवारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"मी तुमच्यासमोर म्हणालो, कबूल करून टाकतो म्हणून. तेव्हाही माहीत होतं."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. बायकोला म्हणाले, "चल आत," आणि दार लावून घेतलं.

मी जिना उतरलो. मग घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

पत्र उद्या सकाळी मी स्वतः तुझ्या लॅबमध्ये देऊन जाईन. घरी नको, तिथे तुझी पत्रं आधी कोण उघडतं ते मला माहीत आहे. भावोजींना परवा नोटीस येईल. त्याआधी तू त्यांना सांग, नाहीतर मला तुझ्या घराचं दार बंद कर, जे करायचं ते कर. पण कोणी तुला म्हणालं की तुझ्या भावाने हिंमत दाखवली, तर तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद कर. सत्तावीस दिवस मी घरात शर्टांना इस्त्री करत होतो, आणि तो माणूस डोळे मिटून वायरी जोडत होता.

आईला मीच सांगेन. तू सांगू नकोस.

यापुढे वैमानिक नसलेला,
आणि तुझी हरकत नसेल तर अजूनही तुझा,
छोट्या