बाबांची व्हीलचेअर आणि तुझं सनरूफ

देवांश,

तू आणलेली गाडी मी सकाळी भंवरकुआंला परत करून आले. भाड्यानं देणाऱ्यानंच विचारलं, "दीदी, पेशंट को ले जाना है, ये भिया ने बताया ही नहीं?"

सांगशील कशाला? सनरूफ दिसलं आणि बुक केलीस. डिक्कीत सीएनजीची टाकी, मग व्हीलचेअर कुठे ठेवणार होतास? सीट इतकी खाली की लकव्यानंतर बाबांना पाय आत घेताच येईना. काल तीनदा प्रयत्न केला त्यांनी. तू मोबाइल बघत म्हणालास, "आत्याकडे पुढच्या महिन्यात जाऊ." आत्या ब्याऐंशीची आहे, अंथरुणाला खिळलीये. बाबा रात्री जेवले नाहीत, ते तुला दिसलंही नाही.

मी सरकत्या दाराची साधी व्हॅन घेतलीये. सांवेरच्या पुढे आत्याच्या गावच्या कच्च्या रस्त्यावर तीच चालेल. बाबा नुसता माझा खांदा धरून चढले. आम्ही आत्ताच निघतोय, गाडी मीच चालवणार आहे.

पोळ्या डब्यात आहेत. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. बाबांची माफी मागायची असेल तर बसनं आत्याकडे ये आणि त्यांच्यासमोर बसून माग.

ताई